23 टक्के जड

जुन्या गाडीत नेमकं काय बदललं की ती ‘मूळ’ गाडी राहत नाही? या प्रश्नाचं एक सरकारी उत्तर जुलै 2021 मध्ये आलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि 50 वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी सुरू झाली. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरणाला 5,000 रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. मोठा फेरफार कशाकशातला, तेही नियमात लिहिलंय : चासी, बॉडी शेल, इंजिन.

स्टेअरिंगचं नाव त्यात नाही. म्हणजे चार माणसांनी मिळून उचलायच्या गोष्टी ‘मूळ’ राहिल्या की झालं. चालवणारा रोज तासन्‌तास हातात धरतो ती गोष्ट कुठलीही असली तरी चालेल. मला ही व्याख्या चुकीची वाटते. आणि ती फक्त नियम लिहिणाऱ्यांची चूक आहे असंही नाही. इन्स्टाग्रामवरच्या ‘रिस्टोरेशन’ रील्स, क्लासिक गाड्यांचे मेळावे, आपल्या घरातला जुन्या वस्तूंचा जिव्हाळा, सगळीकडे हीच व्याख्या गृहीत धरलेली असते. म्हणून तिची जरा नीट चिकित्सा करावीशी वाटते.

चिकित्सेला एक गाडी आहे. आम्ही पेणचे, माझे मामा रोह्याचे. त्यांच्याकडे 1971 ची फियाट डिलाइट आहे. नंतरच्या पिढीला जी ‘पद्मिनी’ म्हणून माहीत आहे, तिचंच हे आधीचं नाव. इटलीत फियाटने काढलेली 1100 डी, कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायला लागली. आधी डिलाइट, मग प्रीमिअर प्रेसिडेंट आणि 1974 पासून प्रीमिअर पद्मिनी. इंजिन तेच, 1089 सीसीचं. बॉडी जवळपास तीच. मामांनी ही गाडी 50 वर्षं चालवली नाही, त्यांना ती दुसऱ्या हातची मिळाली. पण गेली तीसेक वर्षं रोहा-नागोठणे-वडखळ-पेण हा रस्ता ते तिच्यातूनच करत आले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने गाडी ‘करून’ घ्यायची ठरवली. रंग, सीट, क्रोमचे बंपर, सगळं नव्याने. वडिलांना वाढदिवसाची भेट म्हणून. त्यात जुनं, भेगा पडलेलं स्टेअरिंग काढून त्याने ऑनलाइन मागवलेलं एक ‘स्पोर्ट्‌स’ स्टेअरिंग बसवलं. तीन ॲल्युमिनियमचे आरे, त्यांना भोकं, वर चामड्यासारखं दिसणारं काळं आवरण, मधोमध हॉर्नचं बटण. फोटोत गाडी देखणी दिसत होती. त्यानंतरच्या पावसाळ्यापासून मामा पेणला यायचे ते दिवा-रोहा मेमूने. विचारलं तर म्हणायचे, “गाडी आता माझं ऐकत नाही रे.” सगळ्यांनी ते वयावर घेतलं. मामा तेव्हा 74 वर्षांचे होते, उजवा खांदा दुखायचा, त्यामुळे तसं समजायला जागाही होती.

घरात यावर जो वाद झाला तो ऐकण्यासारखा होता. मामेभाऊ म्हणायचा की स्टेअरिंग बदललं म्हणून काय झालं, गाडी तीच आहे, आता आपण तिला व्हिंटेज नंबरसुद्धा घेऊ. त्याच्या एका मित्राने अशा वेळी हमखास येणारं उदाहरण दिलं : थिसिअसचं जहाज.

ही ग्रीक कथा आता भारतातही बऱ्याच जणांना माहीत आहे, त्याचं श्रेय आनंद गांधीच्या ‘शिप ऑफ थिसिअस’ला. 2013 च्या जुलैत तो आपल्याकडे थिएटरांत लागला होता. जहाजाची एकेक फळी कुजते, ती काढून नवी बसवतात. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? प्रश्न छान आहे, चहाच्या टपरीवर तासभर पुरतो. पण गाडीला तो लावला की त्यातली एक लबाडी लक्षात येते. या कोड्यात सगळ्या फळ्या सारख्या आहेत. कुठलीही फळी काढा, जहाजाला सारखाच फरक पडतो. म्हणून मग फक्त संख्या मोजायची उरते, किती बदलल्या आणि किती उरल्या. खऱ्या जहाजात तसं नसतं. सुकाणू आणि डेकवरची फळी यांची बरोबरी होत नाही. तांडेलाला विचारा, तो कोडं ऐकायच्या आधीच विचारेल, “फळी कुठली?”

गंमत म्हणजे त्या सिनेमाचाच पहिला भाग त्याच्या शीर्षकाला खोडून काढतो. आलिया ही दृष्टी गेलेली फोटोग्राफर. आवाजाच्या आणि स्पर्शाच्या आधाराने ती विलक्षण फोटो काढते. डोळ्यांवर शस्त्रक्रिया होते, तिला दिसायला लागतं आणि तिचे फोटो हरवतात. शरीराच्या वजनाच्या मानाने कॉर्निया म्हणजे काहीच नाही. फळ्यांच्या हिशोबात हा बदल नगण्य. तरी ज्या जागी ती जगाशी जोडली गेली होती ती जागाच बदलल्यामुळे तिचं काम बदललं. पुढच्या भागांत यकृत येतं, मूत्रपिंड येतं, प्रश्न नीतीकडे वळतो आणि आलियाच्या गोष्टीतलं हे निरीक्षण मागे राहून जातं. माझ्या मते सिनेमातली सगळ्यात टोकदार गोष्ट तीच होती : कुठला अवयव, हे किती अवयव याच्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

स्टेअरिंग हा गाडीचा असा अवयव आहे. का, ते पाहण्यासाठी थोडं यंत्राच्या आत शिरावं लागेल.

मामांच्या माळ्यावर जुनं स्टेअरिंग गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. टेपने मोजलं तर व्यास 16 इंच. नवं 13 इंच. स्टेअरिंग ही एक गोल तरफ आहे. मध्यापासून जितक्या लांब तुम्ही जोर लावाल तितका कमी जोर लागतो; विहिरीच्या रहाटाला लांब दांडा असतो तो यासाठीच. स्टेअरिंगच्या दांड्याखालची पेटी, तिच्यातला पेचासारखा फिरणारा वर्म, टाय रॉड आणि रस्त्यावरचे टायर यांना काहीच माहीत नसतं की वर कुणी काय बसवलंय. त्यांना तेवढंच वळण-बळ लागतं जेवढं पूर्वी लागायचं. त्रिज्या 8 इंचांवरून साडेसहा इंचांवर आली तर तेच काम करायला हाताला 16 भागिले 13, म्हणजे साधारण 23 टक्के जास्त जोर लावावा लागतो. ज्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, तिच्यात हा जास्तीचा जोर कुठलीही मोटर लावत नाही. तो खांदा लावतो.

हिशोब उलट्या दिशेनेही चालतो. रस्त्यावरून येणारे धक्के याच वाटेने वर येतात. टायर खड्ड्याच्या काठावर आपटला की दांड्याला झटका बसतो आणि तो हातात पोचतो. त्रिज्या लहान, तर हाताला बसणारा झटका त्याच प्रमाणात मोठा. पेणहून नागोठण्याकडे ज्यांनी पावसाळ्यात कधी प्रवास केलाय त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. मुंबई-गोवा महामार्गाच्या या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर तिथले खड्डे, वळवलेले रस्ते आणि अर्धवट पूल यांच्यावर एक अख्खी पिढी गाडी चालवायला शिकली. या रस्त्यावर दुखऱ्या खांद्याच्या माणसाला प्रत्येक खड्डा जवळजवळ एक चतुर्थांशाने मोठा करून दिला गेला होता. “गाडी ऐकत नाही” या वाक्यात वयाचा भाग असेल, पण तीन इंचांचाही होता.

मग सगळ्या जगात स्टेअरिंगं लहान कशी झाली? कारण मधल्या काळात जोर लावायचं काम आधी हायड्रॉलिक पंपाने आणि मग विजेच्या मोटरने घेतलं. हल्लीच्या कुठल्याही छोट्या गाडीत पार्किंग करताना आपण बोटाने स्टेअरिंग फिरवतो, तेव्हा एक मोटर आपल्या वतीने राबत असते. त्या मोटरच्या जिवावर स्टेअरिंग लहान होऊ शकलं. लहान स्टेअरिंग म्हणजे चपळ गाडी, हे आपल्या डोक्यात रेसिंगच्या व्हिडिओंनी आणि गेम्सनी बसवलंय. डिलाइटवर ते लावणं म्हणजे नव्या काळाचा परिणाम उचलायचा आणि त्याचं कारण मागे ठेवायचं.

आणि फक्त जोराचा प्रश्न नाही. डिलाइटमध्ये गिअरचा दांडा खाली जमिनीवर नाही, स्टेअरिंगच्या दांड्यालाच डाव्या बाजूला आहे. मोठ्या स्टेअरिंगच्या कडेखालीच त्याची मूठ येते. डावा हात कडेवरून जरासा घसरला की गिअरवर, गिअर पडला की परत कडेवर. मामांचा हात हे न बघता करायचा. 13 इंची स्टेअरिंग लावल्यावर गिअरची मूठ कडेच्या बाहेर एकटीच उघडी पडली. दोन्हींमधला तो छोटासा घसरता प्रवास आता हात सोडून, हवेतून करायचा प्रवास झाला. जुन्या स्टेअरिंगला आरांच्या बाजूने क्रोमची हॉर्नची रिंग होती. हात कडेवरच ठेवून अंगठ्याने ती दाबता यायची. नव्याचं बटण मधोमध, म्हणजे हॉर्न वाजवायचा तर हात उचला. कोकणातल्या घाटवळणांवर आणि बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यांवर हॉर्न किती वेळा वाजतो याचा विचार करा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे रोज दिसणारी गोष्ट अशी की मागचा सगळा कोड जशाचा तसा ठेवून फक्त स्क्रीनवरची दोन बटणं हलवली, तरी लोकांच्या तक्रारी येतात की ‘ॲप बदललं’. आपण आत हसतो, कारण आपल्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने ॲप म्हणजे ती बटणंच असतात. मागचा कोड त्याने कधी पाहिलेला नसतो. मामांनी आयुष्यात इंजिनाचं हेड उघडून पाहिलं असेल दोनदा. स्टेअरिंग धरलं असेल हजारो तास. त्यांची गाडी नेमकी कुठे आहे, हे नियमापेक्षा त्यांच्या तळहाताला जास्त माहीत होतं.

आता दुसरी बाजू. ‘मूळ ते सोनं’ म्हणणाऱ्यांचीही चिकित्सा व्हायला हवी, कारण त्यांचीही व्याख्या मला पटत नाही. क्लासिक गाड्यांच्या जगात ‘ओरिजिनल’ हा शब्द एखाद्या जातीच्या दाखल्यासारखा वापरला जातो. स्क्रू कारखान्याचा आहे का, काचेवरचा शिक्का कुठला, रंगाचा नंबर काय. या मंडळींच्या हिशोबात भेगाळलेलं जुनं स्टेअरिंग कसंही असलं तरी नव्यापेक्षा वरचढ. पण ते प्लॅस्टिक वर्षानुवर्षं उन्हातान्हात आकसतं, आतली पोलादी कडी आकसत नाही, म्हणून त्याला भेगा पडतात. भेगेतून दमट हवा आत जाते. पेणच्या खारेपाटातली, रोह्यातली हवा लोखंडाशी कशी वागते ते इथल्या कुठल्याही खिडकीच्या गजाला विचारावं. आतली कडी गंजलेली असेल तर ‘ओरिजिनल’ स्टेअरिंग म्हणजे वळणावर हातात येऊ शकणारी वस्तू. शिवाय त्या काळातल्या बहुतेक गाड्यांचा स्टेअरिंगचा दांडा धडकेत दुमडणारा नसायचा. समोरून टक्कर झाली की तो सरळ छातीकडे यायचा. दुमडणारे दांडे अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस सक्तीचे झाले. जुनेपणाची आरती ओवाळताना त्यात हेही होतं, हे विसरायचं नाही.

शुद्धतावादी आणि हौशी या दोघांची चूक शेवटी एकच आहे. दोघेही गाडीकडे उभं राहून, बाहेरून बघतात. एकाला दाखला बघायचाय, दुसऱ्याला फोटो. बसून, हात लावून बघणारा या वादात कुठेच नसतो. आणि 2021 चा नियम तर हे उघडच करतो. व्हिंटेज नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती फिरवता येते. म्हणजे मामेभावाने हौसेने ‘व्हीए’ नंबर घेतला असता, तर मामांना त्याच गाडीतून पेणला बहिणीकडे येणं नियमाप्रमाणे बंद झालं असतं. गाडीला मान मिळाला असता आणि तिचं काम काढून घेतलं गेलं असतं. नियमात स्टेअरिंगचा उल्लेख का नाही, याचं उत्तर मला इथे सापडलं. जी गाडी कुणी चालवायचीच नाही, तिचं स्टेअरिंग कसंही असलं तरी काय फरक पडतो?

यंत्राकडे आतून बघणारा एक सिनेमा आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेला. ऋत्विक घटकांचा ‘अजांत्रिक’, 1958 चा, सुबोध घोषांच्या कथेवरचा. हेच घटक पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते. बिमल नावाचा एकटा टॅक्सीवाला आणि त्याची खिळखिळी शेव्हरोले, तिचं नाव जगद्दल. लोक दोघांना हसतात. बिमल तिच्याशी बोलतो, तिच्यावर चिडतो, तिला पाणी पाजतो आणि घटक त्या पाणी पिण्याला घटाघटा आवाज देतात. पहिल्यांदा पाहताना हे गोड वाटतं. दुसऱ्यांदा पाहिल्यावर कळतं की सिनेमा गोड नाही. जगद्दल थकते. बिमल साठवलेले पैसे ओतून नवे सुटे भाग आणतो, तिला पुन्हा उभी करतो आणि मग तिची परीक्षा घ्यायला तिच्यात दगड भरतो. ती कोसळते.

त्याच वर्षी ‘चलती का नाम गाडी’ही आला होता. तिथली जुनी मोटार गांगुली भावंडांच्या धमालीतला चौथा भिडू आहे. कितीही मोडली तरी पुन्हा चालते, कारण विनोदी सिनेमात यंत्राला मरण नसतं. घटकांना मात्र दुरुस्तीच्या मर्यादा दाखवायच्या होत्या. मला ‘अजांत्रिक’बद्दल एक तक्रारही आहे. बिमलचं प्रेम मालकी हक्काचं आहे. जगद्दलने आपण म्हणू ते केलंच पाहिजे, ही त्याची अट सिनेमा जरा जास्तच सहानुभूतीने बघतो. पण शेवट विसरता येत नाही. जगद्दल भंगारात जाते, तुकडे तुकडे होऊन गाड्यावरून ओढली जाते. आणि मागे एक लहान मूल तिचा उरलेला भोंगा वाजवत बसलेलं असतं. तो आवाज ऐकून बिमलच्या चेहऱ्यावर हसू येतं. इंजिन गेलं, चासी गेली, पत्रा गेला. उरलं ते हाताने दाबायचं साधन. आपल्या नियमाच्या नेमकं उलट.

मग जुन्या गाडीचं स्टेअरिंग बदलायची वेळ आलीच तर चांगलं कशाला म्हणायचं? जुन्या इमारतींच्या जतनासाठी 1964 मध्ये व्हेनिसची सनद झाली. तिच्यातलं एक तत्त्व असं की नाहीसा झालेला भाग नव्याने घातला तर तो एकूण रूपाशी जुळावा, पण जवळून पाहिल्यावर तो नवा आहे हे कळावं. म्हणजे इतिहासाची बनावट होत नाही. पुढे जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, त्याच धर्तीवर ट्युरिनची सनद केली. तिचा भर वस्तू वापरात ठेवून जपण्यावर आहे. गाडी धावली पाहिजे, कारण न धावणारी गाडी म्हणजे निम्मीच गाडी. मला ही दोन तत्त्वं एकत्र घेऊन एक साधी कसोटी सुचते : बदलानंतर हाताला तीच गाडी भेटते का? व्यास तोच, कडेची जाडी साधारण तीच, गिअरच्या मुठीशी आणि हॉर्नशी नातं तेच. हे जुळलं की मग वस्तू कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आलेली असो की नव्याने घडवलेली असो, ती प्रामाणिक. हे जुळत नसेल तर ती कितीही महाग असली तरी दुसरीच गाडी आहे.

या कसोटीत कामाची पद्धतही येते. स्टेअरिंग काढणं दिसायला सोपं. पुढची चाकं सरळ करायची, बॅटरीची वायर सोडवायची, हॉर्नचा मधला भाग काढायचा, आतला नट ढिला करायचा, दांड्यावर आणि हबवर खूण करायची म्हणजे परत बसवताना आरे तिरके येत नाहीत. मग पुलर लावून स्टेअरिंग हळूहळू ओढून काढायचं. घाईत बरेच जण खालून हातोडी मारतात. ते ठोके दांड्यातून सरळ खालच्या पेटीतल्या बेअरिंगांवर जातात आणि पुढे स्टेअरिंगला जो ‘प्ले’ येतो त्याचं खापर गाडीच्या वयावर फोडलं जातं. नव्या स्टेअरिंगसाठी मधे जो ॲडॉप्टर घालतात, त्याच्या आतल्या खाचा दांड्याच्या खाचांशी घट्ट बसल्या नाहीत तर काय होईल, ते मी लिहायची गरज नाही. तुमचा सगळा प्रवास त्या एका नटावर अवलंबून असतो.

मामांच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण कसोटी तिथे तपासून पाहता आली. माळ्यावरचं जुनं स्टेअरिंग उतरवलं. भेगा मोठ्या होत्या, पण आतली कडी शाबूत निघाली. भेगा बुजवायला गॅरेजवाले तयार नव्हते. पेणमध्ये मात्र भेगा बुजवून वर हात फिरवला तरी कळणार नाही असं काम करणारे लोक गल्लोगल्ली आहेत. ओळखीच्या गणपती कारखान्यातला एक कारागीर तयार झाला. त्याने भेगा आधी कोरून रुंद केल्या, दोन भागांचं इपॉक्सी मिसळून भरलं, सुकल्यावर पॉलिश पेपर मारला. रंग लावताना त्याने एकच प्रश्न विचारला, “हात कुठे असतो त्यांचा?” तिथे त्याने रंगाचे थर जास्त दिले.

पेणच्या मूर्तिकामात याच नजरेला किंमत आहे. मूर्तीचा साचा शंभर ठिकाणी वापरलेला असतो, माती किंवा प्लॅस्टर दर वर्षी नवं, विसर्जनानंतर मागे काहीच राहत नाही. तरी लोक ‘पेणचा गणपती’ ओळखतात आणि चांगल्या कारखान्याची कीर्ती होते ती आखणीवर, म्हणजे डोळे रेखण्याच्या हातावर. तिथे ‘मूळ माती कुठली’ असं कुणी विचारत नाही. कुठल्या जागी चूक चालणार नाही, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं. गाड्या जपणाऱ्यांनी हे इथून शिकावं, असं मला वाटतं. आखणीत एक रेघ हलली तर बाकीची मूर्ती कितीही सुबक असली तरी चेहरा परका होतो.

भरलेल्या भेगांचा रंग मूळ रंगाशी तंतोतंत जुळला नाही. जवळून पाहिलं की फिकट रेषा दिसतात. व्हेनिसच्या सनदेला जे हवं होतं ते आपोआप झालं. मामेभावाला ते ठिगळ वाटतं. त्याने बाकी गाडीवर केलेला खर्च पाहता त्याचा हिरमोड समजण्यासारखा आहे. स्पोर्ट्‌स स्टेअरिंग त्याने विकून टाकलं. मामा पहिल्यांदा गाडी काढून नागोठण्यापर्यंत गेले आणि परत आले. खांदा दुखलाच. पण पुढच्या महिन्यात ते पेणला गाडीनेच आले.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा, त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सीच्या रूपात शहराच्या रस्त्यांवरून गेली. तेव्हा खूप लिहून आलं, खूप फोटो आले. निदान एक तरी पद्मिनी जपून ठेवा, अशी मागणीही झाली. जपायलाच हवी. पण कशी जपणार? आजवरच्या सवयीप्रमाणे ती गाडी ‘मूळ’ करून घेतली जाईल : पत्रा ठोकून सरळ, काळा-पिवळा रंग चकचकीत, आतलं सगळं धुऊन पुसून नवं. आणि स्टेअरिंगवरचं ते वेष्टन सगळ्यात आधी काढून फेकलं जाईल.

बऱ्याच टॅक्सीवाल्यांनी स्टेअरिंगच्या कडेवर प्लॅस्टिकच्या वायरीचं किंवा दोरीचं वेष्टन घट्ट विणून घेतलेलं असायचं, तुम्ही मागच्या सीटवरून कधी पाहिलं असेल. घामाने हात घसरू नये, पातळ कड जरा जाड व्हावी, थंडीत गार आणि उन्हात चटका लागू नये, म्हणून. स्टेअरिंगच्या बाबतीत आपल्याकडे झालेली ही सगळ्यात शहाणी सुधारणा असावी. व्यास बदलला नाही, गिअरशी नातं बदललं नाही, हॉर्न जिथल्या तिथे राहिला आणि तरी ते स्टेअरिंग त्या एका माणसाच्या हाताचं झालं. दहा आणि दोनच्या जागी ती वीण झिजून गुळगुळीत झालेली असायची. त्या झिजेत दिवसाचे बारा बारा तास आहेत, दादर ते कुलाब्याच्या फेऱ्या आहेत, गावाकडे पाठवलेले पैसे आहेत. संग्रहालयाची समिती बसेल तेव्हा चासीचा नंबर तपासला जाईल, इंजिनाचाही. वेष्टनाचा कागद त्या फाइलमध्ये नसेल. ते काढू नका, एवढीच माझी विनंती आहे. आणि जमलं तर गाडीभोवती दोरी लावू नका. येणाऱ्या पोरांना आत बसून दोन मिनिटं ते स्टेअरिंग धरू द्या.